हाटकीचं वंदन

"कुणाच्या पाटावरची?"

रुपेवाडीत पारखीला बसणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारतात. शेगडी पेटायच्या आधी. उत्तरात गुरूचं नाव घ्यायचं, चिटणीस ते वहीत लिहितो आणि मगच हातात चिमटा मिळतो. या प्रश्नाला आजवर कुणी अडखळलं नसेल. बापाचं नाव घ्या, चुलत्याचं घ्या, मामाचं घ्या. प्रश्न घरचा, उत्तर घरचं.

मी म्हणाले, "सप्तपाताळ."

चिटणीस सुहास पोतदारनं पेन थांबवलं. "हे गाव कुठं आलं?"

"गाव नाही. गेम आहे. ऑनलाइन."

चाळीस-पन्नास माणसं होती सभागृहात. आधी पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह. मागून एकजण ओरडला, "मग पारख बी ऑनलाइनच द्यायची की बाई! हितं चांदी खरी असती, भाजतं!"

मी उभीच राहिले. हसून झाल्यावर माणूस दमतो, हे मला माहीत होतं.

मी तनुजा धोत्रे. जात वडार. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या हातोडा आहे, पण तो दगडावर चालतो. चांदीवर चालणारा हातोडा वेगळा, तो वेगळ्या घरात जन्मतो, असं या गावानं ठरवून टाकलेलं. आता काळ असा आहे की छपाई-यंत्र आठ मिनिटांत पैंजण काढतं, घुंगरांसकट. म्हणून हाताच्या कामाला मान आला. पण हातानं केलंय हे सांगणार कोण? तर रुपेवाडीचा कारागीर संघ. दागिन्याच्या आतल्या बाजूला संघाची 'हातछाप' असेल तर तो हाताचा. नसेल तर तुम्ही बोटं जाळून केला असला तरी तो यंत्राचा माल. मला ती छाप पाहिजे होती. पोट चार्जिंग स्टेशनवरही भरत होतं. मला कुणीतरी तोंडावर 'कारागीर' म्हणायला हवं होतं.

परीक्षकांच्या पीठावर मधोमध संघाचे अध्यक्ष बसलेले, गजानन वेदपाठक. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. रव्याच्या, म्हणजे चांदीच्या बारीक दाण्यांच्या कामात त्यांच्यासारखा हात पाच जिल्ह्यांत नाही, हे मी शाळेपासून ऐकलेलं. त्यांनी हात वर केला आणि हसणं थांबलं.

"बसू द्या तिला," ते म्हणाले. "काम बघू. नावाचं मागनं बघू."

* * *

हायवेवरच्या चार्जिंग स्टेशनवर गाडी लावली की ड्रायव्हर मिसळ खायला जातो. पंचवीस मिनिटं. मग पुढची गाडी. दिवसभर हेच. एका ट्रकवाल्यानं कंटाळून त्याचे स्पर्शमोजे मला विकले, डोळ्यांवरच्या चष्म्यासकट. त्याला राक्षस मारून मारून वीट आला होता.

सप्तपाताळात सगळे तलवार घेतात. मी वितळ नावाच्या पाताळात उतरले. तिथं हाटकी नावाची नदी आहे, सोन्याची. काठावर घाट, घाटावर भट्ट्या, आणि गिऱ्हाईक म्हणून नाग येतात, फण्यावरचा मणी बसवून घ्यायला. दागिने घडवायचा धंदा तिथं कुणी घेत नव्हतं, कारण तो छळायचा. लढणाऱ्यांना दोन दिवसांत बढती. मी पहिले पाच आठवडे नुसती तार ओढत होते. जास्त ठोकली की कडक होऊन तुटायची, कमी तापवली की तुटायची, जास्त तापवली की गोळा. नदी खोटी, नाग खोटे, पण तार खऱ्यासारखी तुटायची.

यात जादू नाही. आपल्या डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. हातोडा पडायच्या आधीच तो अंदाज बांधतो की आता मनगटाला एवढा धक्का बसेल. मग खरा धक्का येतो. दोन्हींतला फरक तो मोजतो आणि पुढच्या वेळी अंदाज सुधारतो. हात बसणं म्हणतात ते एवढंच. जुन्या गेममध्ये धक्का उशिरा पोचायचा. उशीर डोळ्याला कळत नसला तरी लहान मेंदूला कळतो आणि तो म्हणतो, हे खोटं आहे, मी शिकणार नाही. नव्या मोज्यांनी तो उशीर सेकंदाच्या तीनशेव्या भागावर आणला. शिवाय धातूचं गणित खरं घातलं. चांदीचे कण ठोकल्यावर कसे दाबले जातात, तापल्यावर कसे मोकळे होतात, सगळं. लहान मेंदू फसला. खरं तर फसला नाहीच. त्याला धक्का खरा हवा होता, तो खरा मिळाला.

आणि शिकवायचं कोण? तिथं एक सोय आहे, तिला 'अनुकरण' म्हणतात. कुणा तरी पोचलेल्या कारागिराच्या हातांची नोंद घेतलेली असते. सुरुवातीला मोजे तुमची बोटं त्या हातासारखी स्वतःच हलवतात. आठवड्यागणिक आधार कमी होतो. शेवटी मोज्यांचा आधार सुटतो आणि तुमचा हात एकटाच चालतो. फुंकणीचा श्वास तोंडापुढचा माइक मोजतो. तो हात कुणाचा हे कंपनीनं कधी सांगितलं नाही. आम्ही त्याला नुसतं 'हात' म्हणायचो. चार वर्षं तो माझ्या हाताच्या आत होता. नवऱ्याचा हात कुणी एवढा ओळखत नाही.

त्या हाताची एक खूण होती. रवे बसवून झाले की फुंकणी उचलायच्या आधी उजवा हात डाव्या खांद्यापाशी जायचा, काहीतरी टेकवल्यासारखा, आणि परत यायचा. दर वेळी. आम्ही त्याला 'हाटकीचं वंदन' म्हणायचो. ब्राझीलपासून बीडपर्यंत सगळे करायचे. नाही केलं की चुकल्यासारखं वाटायचं. खेळणाऱ्यांच्या ऑनलाइन मंचावर यावर वाद चालायचे, कुणी म्हणायचं अग्नीला नमस्कार, कुणी म्हणायचं श्वास सावरायची युक्ती.

तीन वर्षांनी मी आईचं तुटकं पैंजण घेऊन स्वयंपाकघरात बसले. गॅसवर. रवे चिकटवायची गुंजेची चिकी कधी हुंगलेली नव्हती, जळताना तिचा वास नाकात गेला आणि शिंक आली, सगळे रवे घरभर उडाले. दुसऱ्यांदा बसले. वडील दारात उभे राहून बघत होते. चाळीस वर्षं दगड फोडलेला माणूस. गेमचं नाव काढलं की ते म्हणायचे, "हातात मोजं घालून कोण कारागीर झालंय का?" त्या दिवशी मी पत्रा ठोकत होते, ते डोळे मिटून ऐकत होते.

"घाव बरोबर पडतोय," शेवटी म्हणाले. "कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, आबा."

"असं नसतं. कुणीतरी असतंयच. जा, शोधून काढ. आन छाप घेऊन ये."

* * *

पारखीत रव्याचं जोडवं करायचं असतं. चांदीचा पत्रा वाकवून कडं, वर तेरा रवे, मोहरीएवढे. प्रत्येक रवा गुंजेच्या चिकीनं चिकटवायचा, भोवती सांधा जोडणारी डाख आणि ती पसरवणारी सवागी, मग फुंकणीची ज्योत. थोडी कमी पडली की रवा गळतो. थोडी जास्त झाली की तेराच्या तेरा विरघळून एक खपली होते. मधे जागा नाही.

सभागृहात झगझगीत दिवे होते. वितळात अंधार असतो, मी चांदीचा रंग बघून काम करते. मी म्हणाले, "माझ्यावरचे दिवे बंद करा."

"भूत बोलवतीयास काय?" मागचा तोच माणूस.

पण पीठावरच्या एका म्हाताऱ्यानं मान हलवली. "बंद करा रं. माझा आजा कोनाड्यात बसून करायचा."

मग मला कुणी दिसलं नाही. कोळसा, ज्योत आणि चांदी. रवे पाडले. बसवले. हात नेहमीसारखा खांद्याकडे गेला आणि अंधारात पुन्हा हशा पिकला. "सलाम ठोकतीया!" मी फुंकणी ओठाला लावली. डाख वितळते तेव्हा डोळा मिचकावल्यासारखी चमकते, एकदाच. ती चमकली. मी ज्योत काढली.

त्याच वेळी दाराशी काहीतरी सांडल्याचा आवाज आला. बाहेरच्या ओसरीवर गावातल्या बायका पैंजणाच्या कड्या जोडत बसतात. कडीत कडी, दिवसाला हजारो. त्यांना इथं कारागीर म्हणत नाहीत, 'हात लावणाऱ्या' म्हणतात. त्यांच्यातली एक सत्तरीची बाई दारात उभी होती. मांडीवरच्या कड्यांचं ताट पायाशी उपडं पडलेलं. ती माझ्याकडे बघत होती. जोडव्याकडे नाही. माझ्या खांद्याकडे.

जोडवं पीठावर फिरलं. भिंगातून एकेकानं बघितलं. कुणी हसलं नाही. तो म्हातारा म्हणाला, "काम चोख हाय. आता वहीचं काय करायचं ते करा."

* * *

अण्णांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"तुझा हात चांगला हाय. मी खोटं बोलणार न्हाई. पण वहीत त्या गेमाचं नाव गेलं तर सभा बसंल. आपलं कसब यंत्राला कुणी द्यायचं न्हाई, हा ठराव हाय. मीच मांडला हुता. तर तू एक कर. माझ्या पाटावरची म्हण. दोन वर्सं शिकली म्हण, मगाचं ते गेमाचं चेष्टेत बोलले म्हण. मी सही करतो. आजच्या आज छाप."

"पण मी तुमच्याकडं शिकले नाही."

"शिकलीस," अण्णा हळूच म्हणाले. "त्या गेमात जो हात हाय, तो माझा. ही गोष्ट ह्या खोलीतच राहू दे."

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरले. चार वर्षं ज्याच्या बोटांत बोटं घालून मी शिकले तो माणूस समोर उभा होता. ठराव एकीकडे आणि गेमच्या कंपनीशी करार दुसरीकडे, हा त्याचा दुटप्पीपणा मला त्या क्षणी दिसला नाही, मी एवढी हरखले. मी वाकले, त्यांच्या पायांना हात लावणार तेवढ्यात आठवण झाली.

"अण्णा, एक सांगा. ते वंदन कशाचं? सगळं जग भांडतंय त्यावर." मी करून दाखवलं.

"ती... मुद्रा हाय. आमच्या घराण्याची. अग्नीला नमस्कार."

"नमस्कार डोंबलाचा!"

दारात तीच बाई होती, हातात चहाचा ट्रे. चहा हे आत यायचं निमित्त. तिनं ट्रे टेबलावर आदळला. "पदर हाय तो! रवा बसवून झाला की मी पदर खांद्याशी खोचते. एकदा पेटला हुता, ह्यो बघ." तिनं मानेखालचा भाजल्याचा जुना डाग दाखवला. "तवापासून हात आपसूक जातो. मुद्रा म्हणं!"

"वहिनी, तुम्ही बाहेर जावा," अण्णा म्हणाले. त्यांनी कप उचलला होता आणि कप बशीवर वाजत होता. बारीक, न थांबता. मी त्या हाताकडे बघितलं. रवा सोडा, त्या हातात मोहरीची पुडी राहिली नसती.

मग मला सगळं कळलं. शिकणाऱ्या यंत्राला कसब कुठलं आणि सवय कुठली हे समजत नाही. दर वेळी ज्योतीआधी जे घडतं ते त्याच्या लेखी कामाचाच भाग. म्हणून त्यानं एका बाईचा पदर जगभर वाटला. खांद्यावर पदर नसलेल्या पोरींना. मिशा असलेल्या बाप्यांना.

"तुम्हीच का त्या?" मी विचारलं. "नाव काय तुमचं?"

"शालन. ह्यांच्या थोरल्या भावाची बायको. सहा वर्सांमागं आतल्या खोलीत तीन म्हैनं बसवलं मला मोजं घालून. म्हणाले, सरकारची तपासणी हाय, कारागिरांच्या हाताची." ती माझ्याकडे वळली. "आन तू! चार वर्सं माझा हात घालून हिंडतीयास, आन मला पत्ता न्हाई?"

"मलाही पत्ता नव्हता, काकी."

"किती जणी हाईत अशा?"

"आमच्या मंचावर अकरा हजार."

ती खुर्चीत बसली. "अकरा हजार पदर खोचत्यात?"

"पोरंही खोचतात. नसलेला."

ती हसायला लागली. तोंडाला हात लावून, मग हात काढून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. अण्णा भिंतीकडे बघत होते.

"झालं हसून?" ते म्हणाले. आवाज आता गोड नव्हता. "पोरी, नीट ऐक. वहिनींचं नाव वहीत न्हाई. वहीत बाईचा पाट कधी नव्हता. त्यांचं नाव घेतलंस तर छाप न्हाई, आज न्हाई, कधीच न्हाई. माझं घेतलंस तर पाच मिनिटांत. ठरव."

खोलीपासून वहीपर्यंत पंधरा-वीस पावलं असतील. मी मोठी सत्यवादी वगैरे नाही. त्या पावलांत मी अण्णांचं नाव तीनदा मनात म्हणून बघितलं. सोपं होतं. आबा ओट्यावर वाट बघत असतील हेही आठवलं. पण माझ्यातला तो हात तोच प्रश्न मला विचारत होता, आणि हाताशी खोटं बोललं तर उद्या रवा बसवणार कोण?

सुहासनं पेन उघडलं. "कुणाच्या पाटावरची?"

"शालन वेदपाठक यांच्या."

"असा पाट नाही."

"शालनवहिनी?" मागून कुणीतरी. "अवो त्या कड्या जोडत्यात."

"व्हय, जोडते की!" काकी माझ्यामागून आत आली होती. "कड्या जोडते, भाकऱ्या थापते, आन अण्णांच्या नावानं जे तोडं जात्यात ते आठ वर्सं मीच करते."

सभागृहात सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं म्हातारी चळली. काकीनं माझ्या पाटावरचा चिमटा उचलला, एक रवा ताटलीत घेतला, आणि दोन्ही अण्णांच्या पुढ्यात ठेवले.

"अण्णा, ह्यो एक बसवून दावा. एकच. मी माफी मागून घरला जाते."

अण्णांनी चिमट्याकडे बघितलं. हात मांडीवरून उचलला नाही. दुसऱ्या हातानं तो दाबून धरलेला होता, आणि तरी धोतराची निरी थरथरत होती. सगळ्यांनी बघितलं. राग होता माझ्या मनात, आहे अजून. पण त्या वेळी मला वाटलं, हा माणूस आठ वर्षं एक हात दुसऱ्या हातानं लपवत आलाय.

"सुहास," काकी म्हणाली, "लिही माझा पाट."

"काकी, पारख द्यावी लागती. आणि तुमचे गुरू कोण, तेही लिहावं लागतं."

"गुरू? दाराच्या फटीतनं सासऱ्यांचं काम बघून शिकले. दार लावून घ्यायचे ते. मग कडीच्या भोकातनं."

"असं लिहिता येत नाही. नियम..."

"लिही," अण्णा म्हणाले. मान खाली होती. "'स्वतः' लिही."

"अण्णा, पण..."

"लिही म्हणतो न्हवं!"

काकी पाटावर बसली. ओसरीवरच्या बायका कड्यांची ताटं बाजूला सारून दारात दाटल्या. एकीनं स्वतःच पुढं होऊन दिवे घालवले. काकीनं तेरा रवे चाळीस मिनिटांत बसवले, घाई न करता, मधे एकदा सुहासला "जरा सरक, वारा लागू दे" म्हणून. पीठावर भिंग फिरलं. वहीत नाव पडलं, शालन वेदपाठक, आणि त्याच्या खालच्या ओळीत माझं, आणि माझ्यापुढे तिचं.

छाप ठोकायचा खिळा सुहासनं उचलला तेव्हा मी तो मागून घेतला. आत्तापर्यंत ती चिटणिसानंच ठोकायची रीत. मी म्हणाले, माझ्या जोडव्यावर माझा घाव. दारातल्या बायकांकडे बघून त्यानं दिला. एका घावात छाप उमटली, चारी कडा धारदार. मला तेव्हा ऊर फुटेल असं वाटलं. लाज कसली त्यात. वाटलंच पाहिजे.

काकीनं माझं जोडवं भिंगाखाली धरलं. बराच वेळ. पीठावरच्यांपेक्षा जास्त.

"सातवा रवा वाकडा हाय."

"सातवा सगळ्यांचाच तसा बसतो, काकी. आम्ही त्याला शैली म्हणतो. त्यावर एकानं लेख लिहिलाय."

"शैली?" तिनं भिंग खाली ठेवलं. "अगं, त्या तीन म्हैन्यांत अंगठ्याला नखुरडं झालं हुतं माझ्या. मधला रवा दाबायला अंगठाच लागतो, तो दाबवंना." ती दारातल्या बायकांकडे वळली. "ऐकलंसा का गं? अकरा हजारांना माझं सुजलेलं बोट शिकवलं मेल्यांनी!"

मग माझा उजवा अंगठा स्वतःच्या हातात घेऊन तिनं उलटसुलट करून बघितला, दाबून बघितला.

"ह्यो तर बरा हाय की. उद्या ये सकाळी. दाबायचं कसं ते शिकवते."

"किती वाजता येऊ?"

"भाकऱ्या झाल्यावर," काकी म्हणाली. मग थोडं थांबून, "न्हाई. भाकऱ्या राहू देत. आठला ये."